कार्डाचं लिमिट वाढवावं का? आधी बारा महिन्यांची स्टेटमेंटं काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "ताई, मी 31 वर्षांचा, इथे बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत नोकरीला. हातात 68,000 येतात. पाच वर्षांपूर्वी घेतलेल्या क्रेडिट कार्डाचं लिमिट 80,000 आहे, महिन्याला साधारण 50,000 त्यावर खर्च होतात. आता बँक ते 2,40,000 करायला तयार आहे, ॲप उघडलं की तेच दिसतं. बायको म्हणते घेऊन टाका, अडीनडीला होईल. बाबा म्हणतात कर्ज ते कर्जच, नको. पुढच्या वर्षी भायलीला फ्लॅट घ्यायचा विचार आहे, त्याला अडचण येईल का? बिल मी वेळेवर भरतो."

तुमचं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. "वेळेवर भरतो" असं तुम्ही लिहिलंय, "पूर्ण भरतो" असं नाही लिहिलं. कदाचित तुम्हाला पूर्ण असंच म्हणायचं असेल. पण बावीस वर्षं बँकेत काढली, त्यातली नऊ वर्षं कार्डं आणि पर्सनल लोनच्या मंजुरीच्या टेबलावर, आणि आता रावपुऱ्यात लोकांचे कर्जाचे कागद बघून सल्ला देते. या सगळ्या काळात "वेळेवर भरतो" म्हणणाऱ्या कितीतरी लोकांचं स्टेटमेंट उघडलं की फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे बँकेने मागितलेली कमीत कमी रक्कम, भरलेली निघते. खोटं कोणीच बोलत नसतं. उशीर नाही, दंड नाही, बँकेचा फोन नाही, म्हणजे आपलं सगळं सुरळीत चाललंय असंच माणसाला वाटतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच एका शब्दावर ठरतं, पगारावर किंवा बँकेच्या ऑफरवर नाही.

म्हणून आधी एक काम करा. ॲपमधून किंवा ईमेलमधून मागची बारा स्टेटमेंटं काढा आणि शक्य असेल तर कागदावर छापून घ्या, मोबाइलवर बोट सरकवत बघितलं की आकडे डोक्यात राहत नाहीत. पहिल्या पानावर वरच्या चौकटीत चार-पाच आकडे असतात: मागची बाकी, तुम्ही भरलेली रक्कम, नवी खरेदी, फायनान्स चार्जेस आणि शेवटी एकूण देय. त्यातला फायनान्स चार्जेसचा, म्हणजे व्याजाचा, रकाना शोधा. तिथे शून्य असेल तर पुढच्या महिन्यावर जा. शून्य सोडून काहीही असेल, अगदी 140 रुपये असले तरी, त्या महिन्याभोवती पेन्सिलीने गोल करा. मग बारा कागद टेबलावर ओळीने मांडा आणि नवराबायको दोघांनी मिळून बघा.

एकही गोल नसेल तर लिमिट वाढवायला माझी काही हरकत नाही, उलट तुमच्या बाबतीत ते फायद्याचंच आहे. कसं ते पुढे सांगते. एक-दोन गोल असतील आणि त्यांचं कारण तुम्हाला चटकन आठवत असेल, म्हणजे जूनमध्ये विम्याचा हप्ता आणि शाळेची फी एकदम आली वगैरे, तर सहा महिने थांबा. ते सहा महिने बिल पूर्ण भरा आणि मग घ्या. तीन किंवा जास्त गोल असतील तर आज लिमिटला हात लावू नका. तिथे लिमिट कमी पडत नसतं, पैसे कमी पडत असतात. वाढलेलं लिमिट ती तूट अजून वर्षभर झाकून ठेवतं, एवढंच.

मी इतकी ठाम का आहे त्याचं कारण सांगते. मी नोकरीत असताना आम्हाला लिमिट वाढवण्याचं टार्गेट असे. यादी येई, आम्ही फोन करायचो, समोरचा हो म्हणाला की वाढवून द्यायचो. मंगळबाजारात तयार कपड्यांचं छोटं दुकान असलेले एक गृहस्थ त्या यादीत होते. एकही हप्ता चुकलेला नव्हता, क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीला मिळणारे गुण, चांगला होता. ते दर महिन्याला फक्त मिनिमम भरत होते हे मला समोर दिसत होतं. पण असा ग्राहक बँकेला नकोसा नसतो, त्याच्याकडूनच व्याज मिळतं. मी त्यांचं लिमिट 60,000 वरून दीड लाख केलं. दीड वर्षाने ते शाखेत आले, कार्ड काठोकाठ भरलेलं. म्हणाले, "ताई, तुम्ही वाढवून दिलंत, मला वाटलं माझी ऐपत वाढली." मला काही उत्तर देता आलं नाही. पुढे त्यांनी थकबाकीवर तडजोड केली, क्रेडिट रिपोर्टवर "सेटल्ड" असा शेरा बसला आणि मुलीच्या शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार म्हणून सही करायची वेळ आली तेव्हा तोच शेरा आडवा आला. मी नियमाबाहेर काही केलं नव्हतं, तरी तो प्रसंग माझ्या मनातून जात नाही. म्हणून आता कोणी विचारलं की मी आधी कागद मागते.

आपल्या शहरात बँकेबद्दल एक वेगळाच विश्वास आहे. सयाजीराव महाराजांनी 1908 साली बँक ऑफ बडोदा काढली, तेव्हापासून बँक म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस अशी आपल्या आजीआजोबांची भावना. (माझी नोकरी दुसऱ्या बँकेत होती.) त्यामुळे बँकेने स्वतःहून लिमिट देऊ केलं की "त्यांनी बघूनच दिलं असेल" असं लोक म्हणतात. त्यांनी बघितलेलं असतं हे खरंच. पण तुम्ही फेडू शकाल का आणि त्यात बँकेला काय मिळेल, एवढंच ते बघतात. तुमच्या घरात अजून काय काय उभं आहे ते त्यांना ठाऊक नसतं. बाबांची औषधं, बहिणीचं लग्न, कंपनीतली ओव्हरटाइमची अनिश्चितता, हे तुमचं तुम्हालाच बघायचंय.

आता व्याजाचा हिशेब. कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास धरा, म्हणजे वर्षाला 42 टक्के, आणि त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी. 60,000 च्या बिलात तुम्ही 3,000 मिनिमम भरलेत तर 57,000 राहतात. त्यावर महिन्याचं व्याज 1,995, जीएसटी 359, मिळून 2,354. भरलेल्या तीन हजारांपैकी मुद्दलात काय गेलं ते तुम्हीच बघा. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत बंद होते, दुधाचं बिल भरलंत तरी त्या दिवसापासून व्याज लागतं. हे लोकांना शेवटपर्यंत माहीत नसतं.

हेच नव्या लिमिटवर करून बघा. 2,40,000 पैकी दोन लाख साचले तर महिन्याचं व्याज 7,000, त्यावर जीएसटी 1,260, म्हणजे 8,260 रुपये. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांच्या घरकर्जाला लाखामागे हप्ता साधारण 868 रुपये बसतो. म्हणजे ज्या पैशात साडेनऊ लाखांच्या घरकर्जाचा हप्ता गेला असता, ते निव्वळ व्याजात जातात आणि मुद्दल जागचं हलत नाही. जुन्या 80,000 च्या लिमिटने तुम्हाला एवढ्या खोल जाऊच दिलं नसतं. बाबांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते इथे.

बायकोचं म्हणणंही मला पटतं, आणि तेही अनुभवावरून. माझ्या सासूबाईंना एका रात्री दोन वाजता गोत्रीच्या बाजूच्या एका हॉस्पिटलमध्ये दाखल करावं लागलं. काउंटरवर 60,000 भरायला सांगितले. पैसे होते, पण ते त्यांच्याच नावावरच्या एफडीत, आणि त्या स्वतः स्ट्रेचरवर. माझ्या कार्डाचं लिमिट तीन लाख होतं आणि त्यातले जेमतेम वीस हजार वापरलेले, म्हणून एका स्वाइपमध्ये काम झालं. नंतर विम्याचे पैसे आले, थोडे आम्ही घातले आणि बिल मुदतीत पूर्ण भरलं. तेच कार्ड 80,000 चं असतं आणि महिनाअखेरीला त्यावर 50,000 चढलेले असते, तर रात्री दोन वाजता कोणाला उठवायचं हा प्रश्न होता. पैसा आहे पण या क्षणी हातात नाही, त्या वेळी मोकळं लिमिट जिवाला आधार देतं. मात्र पैसाच नसेल तर तेच लिमिट पुढे गळ्याशी येतं. तुमच्या घरात बाबा आहेत, त्यामुळे हा विचार तुम्ही करायलाच हवा.

घरकर्जाची भीती मात्र तुम्ही उलट्या बाजूने बाळगताय. लिमिट मोठं असल्याने घरकर्ज अडल्याचं मी क्वचितच पाहिलं. अडतं ते वापरलेल्या रकमेमुळे. तुम्ही 80,000 पैकी 50,000 वापरता, म्हणजे 62 टक्क्यांच्या वर. सिबिलसारख्या, लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्था हे प्रमाण बघतात, आणि ते तीस टक्क्यांच्या आत असावं असं आम्ही मंजुरीच्या टेबलावर धरून चालायचो. तेच 50,000 जर 2,40,000 पैकी असतील तर प्रमाण 21 टक्क्यांवर येतं. खर्च तोच, पण कागदावर माणूस वेगळा दिसतो. 1 जानेवारी 2025 पासून बँकांना ही माहिती निदान पंधरवड्यातून एकदा पाठवावी लागते, त्यामुळे फरकही लवकर दिसतो.

घरकर्ज देणारे अजून एक गोष्ट बघतात. बऱ्याच बँका कार्डावरच्या थकबाकीच्या पाच टक्के रक्कम तुमचा महिन्याचा हप्ता समजतात. समजा भायलीच्या फ्लॅटला तुम्ही 35 लाखांचं कर्ज मागताय, हप्ता 30,400 च्या आसपास, पगाराच्या सुमारे 45 टक्के. इथेच तुम्ही काठावर आहात. त्यात कार्डावर एक लाख थकलेले असतील तर 5,000 अजून धरले जातात आणि आकडा 52 टक्क्यांवर जातो. मग बँक म्हणते, कर्ज कमी घ्या, आणि ते कमी होतं जवळजवळ पावणेसहा लाखांनी. एक लाखाच्या थकबाकीने फ्लॅटची एक खोली जाते. हे गणित मी समोर बसून कित्येक जोडप्यांना करून दाखवलंय, आणि दर वेळी त्यांचे चेहरे उतरलेले बघून वाईट वाटतं, कारण तोवर बिल्डरला टोकन दिलेलं असतं.

लिमिट न वाढवताही हे प्रमाण खाली आणता येतं. स्टेटमेंट निघायच्या तीन-चार दिवस आधी 30,000 कार्डात भरून टाका. 50,000 पैकी 20,000 च उरतील, म्हणजे 80,000 च्या 25 टक्के. पगार पहिल्या आठवड्यात येतो आणि स्टेटमेंट वीस तारखेनंतर निघत असेल तर यात ओढाताणही होत नाही. तारखा जुळत नसतील तर बिलाची तारीख बदलून मागा, रिझर्व्ह बँकेने तो हक्क ग्राहकाला दिलेला आहे. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांचं काम एवढ्यानेच होतं.

घ्यायचं ठरलं तर कसं घ्यायचं, ते आता. ॲपमध्ये दिसणारी ऑफर आणि स्वतः अर्ज करणं यात फरक आहे. ऑफर असते तेव्हा बँकेने आपल्या बाजूने तपासणी उरकलेली असते, बहुतेक वेळा कागद लागत नाहीत. स्वतः मागितलंत तर तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16 किंवा रिटर्न द्यावं लागतं आणि तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर चौकशीची नोंद पडू शकते. ती पडणार आहे का हे आधी विचारा, विचारण्यात काही कमीपणा नाही. घरकर्जाचा अर्ज करायच्या आधीचे चार-पाच महिने अशा नोंदी टाळा. तुमचं घर पुढच्या वर्षी आहे, म्हणजे घ्यायचं तर आत्ताच, ऐन वेळी नाही.

त्याआधी एकदा स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढा. चारही संस्थांकडून, सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. कधीतरी फेडलेलं मोबाइलचं कर्ज अजून चालू दिसतं, कधी दुसऱ्याच कोणाचं कार्ड आपल्या नावावर निघतं. तक्रार केल्यावर तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे. घराच्या आधी हे साफ करून घेतलेलं बरं.

ऑफर 2,40,000 ची आहे म्हणून तेवढंच घ्यायला हवं असं नाही. काही बँकांच्या ॲपमध्ये कमी आकडा निवडता येतो, नसेल तर कस्टमर केअरला सांगून बघा. तुमच्या खर्चाला 1,50,000 ते 1,80,000 पुरेत: महिन्याचे 50,000 त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास राहतात आणि हॉस्पिटलसाठी लाखभर मोकळे. आणि तुम्ही काहीच केलं नाहीत तर लिमिट आपोआप वाढणार नाही. 2022 च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय बँकेला ते वाढवता येत नाही. तेव्हा ॲपवरच्या "ऑफर संपत आली" या घाईला बळी पडू नका. आज नाही घेतलं तर नीट भरणाऱ्याला ती पुन्हा येते.

लिमिट वाढलं की त्याच दिवशी ॲपमध्ये जाऊन दोन गोष्टी करा. ऑनलाइन, दुकानातलं मशीन, टॅप करून पैसे आणि परदेशी व्यवहार या प्रत्येकाला वेगळी मर्यादा घालता येते, बंद-चालू करता येतं. ऑक्टोबर 2020 पासून ही सोय सगळ्या कार्डांना आहे, पण वापरणारे फार थोडे. परदेशी व्यवहार बंद ठेवा, ऑनलाइनला 40,000 ची मर्यादा घाला. एकूण लिमिट मोठं, पण रोजचं दार लहान, असं ठेवता येतं. दुसरं म्हणजे ऑटो डेबिट लावा, आणि लावताना "टोटल अमाउंट ड्यू" निवडा. तिथे "मिनिमम" हाही पर्याय असतो, आणि घाईत तोच निवडलेले लोक मी पाहिलेत. आपलं बिल आपोआप भरलं जातंय या समजुतीत ते दोन-दोन वर्षं व्याज भरत होते.

कार्डावरून एटीएममधून रोख काढू नका. लिमिट वाढलं की रोख काढायची मर्यादाही बहुधा वाढते. तिथे पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळं शुल्क, बिनव्याजी एक दिवसही नाही. तसंच खरेदी ईएमआयवर टाकलीत की तेवढं लिमिट अडकून राहतं आणि हप्त्याहप्त्याने सुटतं. टीव्ही, फ्रिज, मोबाइल असं तिन्ही चालू असेल तर वाढवलेलं लिमिट अडीनडीला शिल्लकच राहत नाही.

हे मात्र आज रात्रीच घरी सगळ्यांना सांगा, बाबांना विशेष करून. "तुमच्या कार्डाचं लिमिट वाढवून देतो, आलेला ओटीपी सांगा" असा फोन हमखास फसवणुकीचा असतो. समोरच्याला तुमचं नाव, कार्डाचे शेवटचे चार आकडे, कधी कधी जुनं लिमिटसुद्धा माहीत असतं, म्हणून विश्वास बसतो. लिमिट वाढवायला कोणतीही बँक फोनवर ओटीपी मागत नाही, मोबाइलमध्ये कुठलं ॲप टाकायला लावत नाही. तसं काही झालंच तर आधी कार्ड ब्लॉक, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बँकेला लेखी तक्रार. 2017 च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात तुमची किंवा बँकेची चूक नसलेल्या फसवणुकीत तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काही भार येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर पाच लाखांपर्यंतच्या लिमिटच्या कार्डावर तो जास्तीत जास्त 10,000, त्याहून मोठ्या लिमिटवर 25,000. पुढे कधी लिमिट पाच लाखांच्या वर न्यायचा विचार आला तर ही पायरी लक्षात ठेवा. पण ओटीपी आपणच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान आपलं.

तर तुमच्यापुरतं असं करा. या रविवारी बारा कागद काढा, गोल करा. गोल नसतील तर याच महिन्यात दीड लाखाच्या आसपास घ्या, त्याच संध्याकाळी मर्यादा घाला, ऑटो डेबिट लावा, आणि बाबांना तो स्क्रीन दाखवा, म्हणजे त्यांच्याही मनातली धास्ती जाईल. दोनपेक्षा जास्त गोल निघाले तर मला पुन्हा लिहा, लाजू नका. लिमिटचं मग बघू. कार्डावरची बाकी पर्सनल लोनवर किंवा घरातल्या एफडीवरच्या कर्जात वळवली तर 42 टक्क्यांचं व्याज निम्म्याच्या खाली येतं. नेमके आकडे पाठवा, महिन्याला किती भरायचे आणि भायलीच्या फ्लॅटपर्यंत कार्ड कसं कोरं करायचं याचा हिशेब मी मांडून देईन.